बाबा काय म्हणतात ते शिकताना

लकवा मारलेल्या माणसाचे हातपाय कोणाला दाखवायचे, हे आमच्या वऱ्हाडात कोणीही सांगेल. वाचा गेली तर कोणाकडे जायचं, हे मात्र दहा जणांना विचारावं लागतं. बाबांना अकोल्याच्या दवाखान्यातून सुटी झाली तेव्हा कागदावर औषधांच्या खाली एक ओळ होती: ‘अफेजिया. स्पीच थेरपी.’ फिजिओथेरपीवाल्यांचा नंबर तिथल्या सिस्टरनी आपणहून दिला होता. या शेवटच्या ओळीचं काय करायचं म्हणून विचारलं, तर “येईल हळूहळू बोलणं” एवढंच उत्तर मिळालं. बाबा बाजूला खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. त्यांना विचारलं, “बाबा, घरी जायचं नं?” ते म्हणाले, “हाव.” हाव म्हणजे हो. त्या वेळी त्यांच्याकडे तो एकच शब्द उरला होता.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे स्पीच थेरपी हा शब्द कानावरून गेलेला होता, पण लहान मुलांच्या बाबतीत. उशिरा बोलणारं पोर, ऐकू न येणारं पोर. सत्तरी ओलांडलेल्या कास्तकाराला पुन्हा बोलायला शिकवतात, हे मला ठाऊकच नव्हतं. अकोल्यात पाट्या वाचत फिरले. बहुतेक पाट्यांवर श्रवणयंत्रांची जाहिरात मोठ्या अक्षरात आणि वाचा-उपचार खाली बारीक अक्षरात. कानाच्या दुकानात बोलणं कसं शिकवतील, असं वाटून मी बाहेरूनच परतत होते. पुढे कळलं की ऐकणं आणि बोलणं या दोन्हींचं शिक्षण एकत्रच होतं. बी.ए.एस.एल.पी. नावाची चार वर्षांची पदवी असते, त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष पेशंटसोबत काम करण्याचं, आणि मग भारतीय पुनर्वास परिषदेत नाव नोंदवावं लागतं. म्हैसूरची मोठी संस्था १९६५ सालची आहे, मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ सालची. इतकी वर्षं हे काम देशात चालू आहे आणि दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्याची कुणकुणही नव्हती.

तोवर अकोल्यात माझ्याकडे घरचे उपाय चालूच होते. आईने जिभेला मध आणि उगाळलेलं वेखंड लावलं. शेजारच्या काकूंनी फुगे फुगवायला सांगितलं. भेटायला येणारा प्रत्येक जण बाबांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन मोठ्यानं म्हणायचा, “म्हना, रा-म! म्हना!” जसं काही त्यांना ऐकूच येत नव्हतं. बाबा ओठ हलवायचे, घाम फुटायचा, आणि मग ते भिंतीकडे तोंड करून निजायचे.

अमरावतीत माझी मावशी राहते. तिच्या ओळखीतून तिथल्या एका स्पीच थेरपिस्ट मॅडमचा पत्ता मिळाला. पहिल्या दिवशी मॅडमनी बाबांना बोलायला लावलंच नाही. चमच्याने पाणी पाजलं, बिस्कीट खायला दिलं आणि गळ्याकडे बघत बसल्या. जेवताना ठसका लागतो का, पाणी प्यायल्यावर आवाज ओला होतो का, असं विचारलं. लकव्यानंतर अन्न-पाणी श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून गिळणंही हेच लोक तपासतात. बाबांचं गिळणं चांगलं होतं. जीभही धड होती. मॅडम मला म्हणाल्या, “ताई, जिभेत काही बिघडलेलं नाही. ज्या भागात शब्द सापडतात आणि जुळतात, तिथला रक्तपुरवठा बंद पडला होता.” उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि तीच बाजू शरीराचा उजवा भाग चालवते. म्हणून बाबांचा उजवा हात आणि बोलणं एकदमच गेलं. मधाचा आणि वेखंडाचा या जागेशी संबंध नव्हता.

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. “काकाजी, तुमचं नाव गजानन आहे का?” बाबांचं नाव गजानन नाही. बाबा म्हणाले, “हाव.” “आपण आता नागपूरला बसलो आहोत का?” “हाव.” “बाहेर बर्फ पडतो आहे का?” “हाव.” आणि प्रत्येक ‘हाव’ अगदी माणसात बसून बोलावं तसा, मान हलवून, चेहऱ्यावर समजूतदार भाव ठेवून. माझ्या पोटात गोळा आला. घरी आम्ही त्याच ‘हाव’वर सगळं चालवत होतो. चहा पाहिजे? हाव. दुखतंय? हाव. दादाने विचारलं होतं, “बाबा, औंदा वावर मक्त्यानं देऊन टाकू का?” तेव्हाही ते हावच म्हणाले होते आणि दादाने गावातल्या एकाला शब्द देऊन ठेवला होता.

असं एकाच शब्दावर अडकून राहणं हे अफेजियाचं, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा हरवण्याचं, जुनं, ओळखीचं लक्षण आहे. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न नावाचा पेशंट होता. वीसहून जास्त वर्षांपासून तो काहीही विचारलं तरी ‘तान’ एवढंच म्हणायचा, म्हणून लोक त्याला तान याच नावाने ओळखायचे. तो वारल्यावर पॉल ब्रोका या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागात बिघाड सापडला. त्या भागाला आजही ब्रोकांचं नाव आहे. तानला बरंच समजत होतं, तो हातवारे करून उत्तरं द्यायचा, रागवायचा. हे ऐकलं आणि मी बाबांकडे नीट पाहिलं. ते रागावलेले होते. आम्ही त्याला चिडचिड म्हणत होतो.

पुढच्या खेपेला रीतसर तपासणी झाली. चार गोष्टी बघतात: माणूस आपणहून किती बोलतो, सांगितलेलं किती समजतं, मागून म्हणता येतं का आणि वस्तूंची नावं सांगता येतात का. “डोळे मिटा” हे बाबांना जमलं. “पेन उचलून पुस्तकावर ठेवा आणि मग मला किल्ली द्या” इथे ते गोंधळले. म्हणजे समजणंही पुरतं शाबूत नव्हतं, लांब वाक्य त्यांच्या हातून निसटत होतं. मग चित्रांची कार्डं आली. बटाट्याच्या चित्राकडे बाबा बराच वेळ पाहत राहिले. मॅडम मुंबईकडच्या, त्यांनी पहिलं अक्षर पुरवलं, “ब... ब...” बाबांचं तोंड उघडं, शब्द नाही. मी न राहवून म्हटलं, “मॅडम, आमच्याकडं आलू म्हणतात.” त्यांनी लगेच ‘आ’ म्हटलं आणि बाबांच्या तोंडून “आलू” निघालं. हाव सोडून, मागितल्यावर निघालेला तो पहिला शब्द. मॅडमनी कार्डांचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि मला वही काढायला लावली. बाबा रोज वापरायचे ते शब्द, ते म्हणायचे तसेच, लिहून आणायचे. टोमॅटोला भेदरं, कोथिंबिरीला सांबार, शेताला वावर, बैलगाडीला बंडी. वही भरायला आई बसली. तिला लिहायची सवय नाही, ती सांगत गेली आणि माझ्या मुलाने लिहिलं.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट झाली. मॅडमनी बोटं मोजत “एक, दोन...” सुरू केलं आणि बाबा “तीन, चार, पाच” करत दहापर्यंत गेले. सोमवार म्हटल्यावर मंगळवार, बुधवार आपोआप आले. मी आनंदाने रडायला लागले. मॅडमनी थांबवलं आणि बाबांना विचारलं, “आज वार कोणता?” बाबांना सांगता येईना. वर्षानुवर्षं एका दमात म्हटलेली गोष्ट वेगळ्या वाटेनं बाहेर येते, हवा तेव्हा हवा तो शब्द काढणं हे निराळं काम आहे. मोजणी, वार, आरती, शिवी, हे सगळं त्या पहिल्या प्रकारातलं. शिव्यांचं तर आम्हाला आधीच कळलं होतं. काठी हातातून सुटली की बाबांच्या तोंडून शिवी खणखणीत निघायची आणि आई कानावर हात ठेवायची. आता तीही चांगली खूण समजायची, असं मॅडम म्हणाल्या.

बाबा गावातल्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे. तुकडोजी महाराजांची मोझरी आमच्याच जिल्ह्यातली, गावोगाव सामुदायिक प्रार्थना होते आणि बाबांनी तरुणपणापासून ती चुकवली नव्हती. मी संध्याकाळी मोबाइलवर प्रार्थना लावली आणि बाबा म्हणू लागले. शब्द काही ठिकाणी पुसट, पण चाल पक्की, आणि मधले मधले शब्द लख्ख. सगळं घर गोळा झालं. दादाने गावाकडून फोनवर ऐकलं आणि म्हणाला, “झाले बाबा बरे.” झाले नव्हते. गाणं संपलं आणि पाणी मागायची वेळ आली तेव्हा पुन्हा हावच होतं.

पण त्या गाण्याचा उपयोग होतो आणि तो कसा करायचा ते मी अमरावतीत शिकले. १९७३ साली अमेरिकेत बोस्टनच्या तज्ज्ञांनी यावरून एक पद्धत मांडली. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य घ्यायचं, ते दोन सुरांत, वरखाली करत म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराला पेशंटच्या डाव्या हाताने ठेका द्यायचा. आधी दोघांनी मिळून गुणगुणायचं, मग हळूहळू थेरपिस्टने आपला आवाज काढून घ्यायचा, शेवटी चालही काढून घ्यायची आणि नुसतं बोलणं उरू द्यायचं. सगळ्यांनाच हे लागू पडत नाही. समज बरी आहे आणि उच्चार अडखळतात, अशांना ते जास्त उपयोगी पडतं. आमचं पहिलं वाक्य होतं, “मले पानी दे.” मॅडमनी बाबांचा डावा हात टेबलावर धरला आणि थाप द्यायला सुरुवात केली. बाबांनी हात सोडवून घेतला. मला वाटलं रागावले. त्यांनी तळवा वळवला आणि खंजिरीवर मारतात तसा बोटांच्या टोकांनी ठेका धरला, मॅडमपेक्षा बरोबर लयीत. “म-ले पा-नी दे.” पुढच्या वेळी आम्ही घरची खंजिरीच घेऊन गेलो. तिच्या झांजांचा आवाज शब्दांवर चढायचा म्हणून दोऱ्याने झांजा बांधून टाकल्या.

घरचा अभ्यास हा खरा उपचार, कारण मॅडमकडे जाणं रोजचं होत नाही. अकोल्याहून अमरावती शंभर किलोमीटरच्या आसपास. धड चालता न येणाऱ्या माणसाला घेऊन, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, ते अंतर फार वाटतं. मधल्या बैठका व्हिडिओ कॉलवर झाल्या. एकदा मॅडमनी माझ्या आणि बाबांच्या गप्पांचा व्हिडिओ मागवला. मी पाठवला, आणि त्यांनी मला तो परत बघायला लावला. त्यात सगळा वेळ मीच बोलत होते. मी प्रश्न विचारायचे, बाबा तोंड उघडायचे आणि मीच उत्तर पूर्ण करायचे. वर्गातही मी असंच करत असेन, ही शंका तेव्हापासून आहे. मॅडमनी घड्याळ बघून थांबायला सांगितलं. दहा सेकंद. समोर आपला बाप शब्द शोधतो आहे आणि आपण गप्प बसायचं, हे दहा सेकंद किती लांब असतात ते अनुभवल्याशिवाय सांगता येत नाही. आईला ते माझ्याआधी जमलं.

थांबूनही शब्द नाही आला तर मदत करायची, पण पायरीपायरीने. आधी खुणेने विचारायचं: कशाला वापरता? कुठे ठेवता? मग अर्धं वाक्य द्यायचं: “थंडीत अंगावर घेतो ती...” मग पहिला आवाज. पूर्ण शब्द अगदी शेवटी. चुकीचा शब्द आला तर रागवायचं नाही. बाबा गायीला बैल म्हणायचे, मला ‘माय’ म्हणायचे आणि एकदा चहाला रॉकेल म्हणाले. “डोस्क्यावर परिणाम झाला,” असं पाहुणे कुजबुजायचे. परिणाम झालेलाच नव्हता असं म्हणता येणार नाही, पण बाबांना माणसं, पैसे, नाती सगळं नीट कळत होतं. शेजारचा शब्द हाती लागत होता इतकंच. टीव्ही बंद ठेवायचा, एका वेळी एकानेच बोलायचं, समोर बसून बोलायचं, वाक्य छोटं पण मोठ्या माणसाशी बोलतो तसंच, बोबडं नाही.

मग फोटोंची वही केली. गावी जाऊन मी मोबाइलवर फोटो काढले: विहीर, गोठा, दोन्ही वावरं, तिफन, नातवंडं, औषधाची डबी, संडास, बँकेचं पासबुक, दर्यापूरचं मार्केट. झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रिंट काढून प्लास्टिकच्या खिशांच्या वहीत लावले. पहिल्या पानावर दोन मोठे चौकोन: हिरव्यात हो, लालमध्ये नाही. या दोन चौकोनांवर फार मेहनत घ्यावी लागली. मॅडम ज्यांची उत्तरं पक्की ठाऊक आहेत असे प्रश्न विचारायच्या, बाबा तोंडाने हाव म्हणायचे आणि त्याच वेळी त्यांचा हात लालवर जायचा. हात खरं बोलतो आहे, तोंड सवयीने बोलतं आहे, हे ओळखायला आम्हालाही वेळ लागला. प्रत्येक महत्त्वाचा प्रश्न उलटूनही विचारायचा, हा नियम तेव्हा ठरला. “वावर मक्त्यानं द्यायचं?” आणि थोड्या वेळाने, “वावर आपणच करायचं?”

दादा अकोल्याला आला तेव्हा आम्ही ते विचारलं. पहिल्या प्रश्नाला बाबा “हाव” म्हणाले आणि लाल चौकोनावर त्यांनी एवढ्या जोरात हात मारला की वही खाली पडली. दादाने ती उचलली. मग बाबांनी पानं उलटली, विहिरीजवळच्या वावराचा फोटो काढला, हिरवा दाखवला. दुसऱ्या वावराचा फोटो काढला, लाल दाखवला. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, विहिरीचं पाणी खारं. तो तुकडा दुसऱ्याला द्यायला त्यांची हरकत नव्हती. कपाशीचं काळं वावर त्यांना द्यायचं नव्हतं. मग त्यांनी तिफनीच्या फोटोवर बोट ठेवलं आणि ते दादाच्या छातीला लावलं. दादाने पेर करावी. दादा बराच वेळ काही बोलला नाही. कागद अजून झाला नव्हता म्हणून शब्द परत घेता आला. ही गोष्ट मी जिथे जाते तिथे सांगते. अफेजिया झालेल्या माणसाच्या एका होकारावर वावर, घर, बँक यांतलं काही ठरवू नका. त्याला मत असतं आणि ते काढून घ्यायची पद्धत आहे.

मॅडमच्या दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर बसून मी इतर मोठ्या माणसांनाही पाहिलं. एक मावशी भराभर बोलायच्या, सूर, हेल सगळं बरोबर, पण शब्दांना अर्थ नसायचा आणि समोरच्याचं त्यांना समजायचंही नाही. हा दुसरा प्रकार कार्ल वेर्निके यांनी १८७४ साली मांडला. एका गृहस्थांचे शब्द जागेवर होते, फक्त उच्चार जड, कारण त्यांच्या तोंडाचे स्नायूच ढिले पडले होते. जिभेचे व्यायाम त्यांच्या उपयोगाचे. तंबाखू-खर्ऱ्याच्या आमच्या मुलखात कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावं लागलेले एक काका यायचे. गळ्याला थरथरणारं यंत्र लावून ते बोलायचे, आवाज यंत्राचा असला तरी विनोद त्यांचे स्वतःचे. मुलाखतीच्या भीतीने आलेला, अडखळत बोलणारा एक पोरगा होता. त्याला मॅडमनी अडखळणं लपवू नको, हेच आधी शिकवलं.

याच बाकड्यावर मला कायद्याचं कळलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व हा स्वतंत्र प्रकार आहे. स्वरयंत्र काढलं जाणं किंवा अफेजिया यामुळे आलेलं कायमचं दिव्यांगत्व, असं त्यात अफेजियाचं नाव घेऊन लिहिलेलं आहे. दवाखान्याच्या कागदावर जो शब्द मला वाचता येत नव्हता, तो देशाच्या कायद्यात होता.

बाबा पूर्वीसारखे बोलतील असं मॅडमनी कधीच म्हटलं नाही. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा जास्त होते, नंतरही होत राहते, पण हळू. आज त्यांच्याकडे छोटी वाक्यं आहेत, क्रियापदं कमी, नावं जास्त. एकदा अमरावतीला जाताना गाडी मूर्तिजापूरला थांबली. तिथून दर्यापूरवरून अचलपूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी बाबांच्या जन्माच्याही आधीपासूनची, आता बंद पडलेली. बाबा खिडकीतून पाहत होते आणि कोणी न विचारता म्हणाले, “शकुंतला.” मग थोडं थांबून, “बंद.” मी मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी स्टेशनचा फोटो वहीत लावायला सांगितला आणि पुढचं वाक्य त्यावरच बांधलं: कोण बसायचं, कुठे उतरायचं, तिकीट किती.

सध्या फोनचं काम चालू आहे. फोनवर चेहरा नाही, हात नाही, वही नाही, त्यामुळे बाबांना ते सगळ्यांत अवघड जातं. माझी बहीण पुण्याला असते. तिच्यासाठी तीन वाक्यं ठरवली आहेत: “मी बोलतो. मी बरा आहो. तू कशी?” पहिली दोन येतात. तिसऱ्याला प्रश्नाचा सूर लागत नाही, म्हणून आम्ही तेवढंच वाक्य खंजिरीवर घेतो आहोत. बहिणीला सांगून ठेवलं आहे, मधे बोलू नकोस, दहा सेकंद थांब.